एक घर, तीन कर्जे : व्याजाचा हिशेब कसा वाचावा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



या मेळाव्यात दरसाल दहावीनंतर काय करावे, शिष्यवृत्त्यांचे अर्ज कोठे करावेत, मुलींच्या उच्च शिक्षणाचे काय, अशा विषयांवर भाषणे होतात. माझा आजचा विषय वरवर पाहता शाळेचा वाटणार नाही. पण पालकसभेच्या दिवशी मुलाच्या गुणपत्रिकेविषयी बोलून झाले की पुष्कळ पालक हळूच पिशवीतून दुसरेच कागद काढतात. ते बँकेचे, पतपेढीचे, कधी सोने तारण ठेवल्याच्या पावतीचे असतात. "सर, जरा पाहता का, यात नक्की किती भरायचे राहिले आहे?" असा त्यांचा प्रश्न असतो. सातवी-आठवीत सरळव्याज शिकवणाऱ्या माणसाने या प्रश्नाला बगल देणे बरे नव्हे. म्हणून हा विषय निवडला.

आपल्या माहीमची परिस्थिती आधी पाहा. कापडबाजार, मोरी रोड, वांजेवाडी या भागांतील आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील पागडीच्या खोल्यांत राहिले. भाडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बांधलेले, खोली लहान, पण डोक्यावर छप्पर पक्के. पागडीची खोली ही भाडेकरूची मालमत्ता नव्हे, त्यामुळे तिच्यावर बँक सहसा गृहकर्ज देत नसे, आणि म्हणूनच गहाणखत हा शब्दही आपल्या घरांत फारसा कोणी उच्चारला नाही. गावाकडे कोकणात आंब्याची कलमे किंवा भातशेती सावकाराकडे गहाण पडल्याच्या हकिगती आपण आजोबांकडून ऐकल्या असतील, तेवढेच. आता जुन्या इमारतींची पुनर्बांधणी सुरू झाली. नियमाप्रमाणे मिळणाऱ्या क्षेत्रफळात मुलगा, सून आणि नातवंडे मावत नाहीत, मग जादा क्षेत्रफळ विकत घ्यायचे. काही कुटुंबे मुंब्रा, मीरा रोड, पनवेल येथे गेली. तेथेही घर घ्यायचे म्हणजे कर्ज आलेच. घराण्यात गृहकर्ज घेणारी ही पहिलीच पिढी, आणि तिच्या वाट्याला एक कर्ज येत नाही, दोन-तीन येतात. बँक घराच्या पूर्ण किमतीइतके कर्ज देत नाही, म्हणून उरलेल्या रकमेसाठी वैयक्तिक कर्ज किंवा पतपेढी. ताबा मिळाल्यावर फर्निचरसाठी त्याच बँकेचे वाढीव कर्ज, ज्याला टॉप-अप म्हणतात. कधी कधी कर्जाच्या विम्याचा हप्तासुद्धा वेगळे छोटे कर्ज म्हणून खात्याला चिकटवलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. व्याजाचा व्यवहार करावा की करू नये, हा प्रश्न माझ्या अधिकारातला नाही. त्यासाठी आलिम मंडळी आहेत. पण एक गोष्ट मी पाहतो. ज्या व्यवहाराचा मनाला संकोच वाटतो, त्याची चौकशी माणूस करीत नाही. कर्ज घेतलेले आहे हे जमातीत कळू नये म्हणून आपण बँकेच्या कारकुनाला दोन प्रश्न जास्त विचारत नाही, साडूला विचारत नाही, सही करून मोकळे होतो. परिणाम असा की ज्याला व्याजातून लवकर सुटायचे आहे, तोच अधिक व्याज भरत राहतो. मी तर असे गृहस्थ पाहिले आहेत की ज्यांनी ठेवीचे व्याज नको म्हणून दोन-दोन लाख रुपये चालू खात्यात बिनव्याजी ठेवले आहेत, आणि त्याच वेळी दुसऱ्या खात्यावर १४ टक्क्यांनी व्याज देत आहेत. संकोच कर्ज घेण्याआधी असावा, हिशेब करताना नसावा. अंकगणित आपल्या परंपरेला परके नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसांच्या वाटण्यांच्या हिशेबांनी भरलेला आहे. 'अल-जब्र' हा शब्द तेथूनच जगभर गेला. असो.

आता उदाहरण घेऊ. विद्यार्थी मित्रांनी वही काढली तर बरे.

समजा, एका कुटुंबाला ४० लाख रुपये उभे करायचे आहेत. बँकेने ३० लाखांचे गृहकर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी दिले. त्याला आपण पहिले कर्ज म्हणू. त्याच बँकेने ६ लाखांचे टॉप-अप कर्ज १० वर्षांसाठी ९.५ टक्क्यांनी दिले, ते दुसरे. उरलेले ४ लाख वैयक्तिक कर्जाने ५ वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतले, ते तिसरे. दर मी सोयीसाठी धरले आहेत. आपल्या कागदावर असतील ते आपण घालावेत. सोयीसाठीच असेही धरू की तिन्ही कर्जे एकाच दिवशी सुरू झाली. महिन्याचे हप्ते अनुक्रमे २६,०३५, ७,७६४ आणि ९,३०७ रुपये येतात. एकूण ४३,१०६.

या हप्त्यात व्याज किती? शाळेतलेच सूत्र येथे लागू पडते. मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करून शंभराने भागायचे. फरक एवढाच की मुदत एका महिन्याची, म्हणजे वर्षाचा बारावा भाग घ्यायची, आणि मुद्दल म्हणजे मूळ कर्ज नव्हे, त्या महिन्याला शिल्लक असलेले कर्ज. पहिल्या कर्जाचे पहिल्या महिन्याचे व्याज ३० लाख गुणिले साडेआठ भागिले शंभर, भागिले बारा, म्हणजे २१,२५० रुपये. हप्ता २६,०३५. तेव्हा मुद्दलात गेले फक्त ४,७८५. दुसऱ्या महिन्यात शिल्लक २९,९५,२१५; त्यावर व्याज २१,२१६, आणि मुद्दलात ४,८१९. अशी ही शिडी एकेक पायरी उतरते. याला घटत्या शिलकेवरील व्याज म्हणतात.

"बँक सुरुवातीची दहा वर्षे नुसते व्याजच कापून घेते," अशी तक्रार आपण ऐकतो. बँक व्याज आगाऊ कापत नाही. शिल्लक मोठी असते म्हणून व्याज मोठे येते, आणि हप्ता ठरलेला असल्याने मुद्दलाच्या वाट्याला थोडे उरते, इतकेच. पण त्याचा परिणाम मात्र डोळ्यांत भरण्यासारखा आहे. या ३० लाखांचे १५ लाख व्हायला जवळजवळ १४ वर्षे लागतात. वीस वर्षांच्या कर्जाचा निम्मा भाग दहाव्या वर्षी फिटला असेल असे जे आपण मनाशी धरतो, ते चुकीचे आहे.

आता कर्ज तुकड्यांत असले तर काय होते? पुष्कळांची समजूत अशी की तुकडे केले म्हणजे व्याज वाढते, तर काहींची समजूत नेमकी उलटी. आपला माहीमचा हलवा घ्या. एक किलो हलवा एका डब्यात भरा की पातळ वड्या चार डब्यांत वाटून ठेवा, वजन तेवढेच. ३० लाखांच्या एका कर्जाऐवजी १० लाखांची तीन कर्जे त्याच दराने आणि त्याच मुदतीने घेतली तर प्रत्येकाचे पहिल्या महिन्याचे व्याज ७,०८३ येते आणि बेरीज पुन्हा २१,२५०. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे, आपल्या शिलकेवर, आपल्या दराने व्याज धरतो. एका तुकड्याचे व्याज दुसऱ्यावर चढत नाही. फरक पडतो तो तुकड्यांचे दर वेगळे असतात म्हणून, आणि मुदती वेगळ्या असतात म्हणून.

आपल्या कुटुंबाच्या तीन कर्जांचे पहिल्या महिन्याचे व्याज पाहा. पहिल्याचे २१,२५०, दुसऱ्याचे ४,७५०, तिसऱ्याचे ४,६६७. सहा लाखांचे कर्ज आणि चार लाखांचे कर्ज, दोन लाखांचा फरक, आणि व्याज जवळजवळ सारखे! तिसरे कर्ज लहान दिसते म्हणून घरात त्याची चर्चा होत नाही, पण रुपयामागे सर्वांत जास्त खाणारे तेच.

एकूण दर किती पडला, हे काढताना विद्यार्थी हमखास घसरतात. ८.५, ९.५ आणि १४ यांची बेरीज करून तिनाने भागतात आणि १०.६७ टक्के सांगतात. हे बरोबर नाही. रकमेच्या वजनाने सरासरी काढावी लागते. ३० गुणिले ८.५ म्हणजे २५५, ६ गुणिले ९.५ म्हणजे ५७, ४ गुणिले १४ म्हणजे ५६. बेरीज ३६८, भागिले ४०, म्हणजे ९.२ टक्के. पडताळा घ्या: ४० लाखांवर ९.२ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज ३०,६६७ रुपये, आणि तिन्ही व्याजांची बेरीजही तेवढीच. ही सरासरी पुढे स्थिर राहत नाही. महाग तुकडा लवकर फिटला तर ती उतरते, स्वस्त तुकडा आधी फिटला तर चढते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

तत्पूर्वी 'फ्लॅट रेट' नावाच्या प्रकाराविषयी सांगितलेच पाहिजे, कारण येथे शिकलेली माणसेही फसतात. समजा, तिसऱ्या कर्जासाठी कोणी सांगितले, "बँक साडेआठ घेते, आम्ही फक्त आठ टक्के फ्लॅट घेतो." ऐकायला स्वस्त. या पद्धतीत व्याज मूळ रकमेवर पूर्ण मुदतीचे धरतात. चार लाखांवर आठ टक्क्यांनी वर्षाचे ३२,०००, पाच वर्षांचे १,६०,०००. एकूण ५,६०,००० भागिले ६० म्हणजे महिना ९,३३३ रुपये. आणि आपल्या १४ टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता किती होता? ९,३०७. म्हणजे आठ टक्के फ्लॅट हे घटत्या शिलकेवरच्या १४ टक्क्यांपेक्षाही जरासे महागच. कारण उघड आहे. चौथ्या वर्षी तुमच्याकडे चार लाखांपैकी थोडेच उरलेले असतात, पण व्याज पूर्ण चार लाखांवर चालू असते. म्हणून नुसता दर विचारून भागत नाही. 'घटत्या शिलकेवर की मूळ रकमेवर?' हा प्रश्न त्याच दमात विचारावा. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांच्या बाबतीत ग्राहकाला मुख्य तथ्यांचे एक पत्रक देणे बंधनकारक केले आहे. त्यात सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर आणि परतफेडीचा तक्ता असावा लागतो, आणि ते ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. मराठीत मागा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता मुख्य मुद्दा. हप्ते सुरू आहेत आणि घरात एक लाख रुपये जास्तीचे आले. मुलाने आखातातून पाठवले म्हणा, किंवा बोनस मिळाला म्हणा. ते कोणत्या कर्जात भरावेत?

बहुतेक जण पहिल्या, मोठ्या कर्जात भरतात, आणि त्यांच्या बाजूने एक हिशेबही मांडता येतो. सुरुवातीलाच एक लाख पहिल्या कर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत सुमारे साडेएकोणीस महिन्यांनी कमी होते आणि व्याजात जवळजवळ ४ लाख ९ हजार वाचतात. तेच एक लाख तिसऱ्या कर्जात भरले तर तेही सुमारे एकोणीस महिने आधी संपते, पण वाचतात फक्त ८० हजार. चार लाख नऊ हजार की ऐंशी हजार? कोणीही म्हणेल, मोठ्या कर्जातच भरा. एजंट मंडळीही असेच तक्ते दाखवतात.

या हिशेबात काय राहून गेले? वेळ. ते चार लाख वीस वर्षांच्या शेवटी वाचतात, आणि ऐंशी हजार पाच वर्षांच्या आत. दोन वेगवेगळ्या मुदतींच्या रकमा शेजारी ठेवून लहान-मोठे ठरवता येत नाही. तुलना एकाच दिवशी करावी लागते. पाच वर्षे पूर्ण झाली, तो दिवस घेऊ.

एक लाख पहिल्या कर्जात भरले असतील, तर त्या दिवशी पहिल्या कर्जाची शिल्लक नेहमीपेक्षा १,५२,७३० रुपयांनी कमी असेल, कारण एक लाखाने साडेआठ टक्क्यांनी चढणारे व्याज तेवढे अडवले. तिसरे कर्ज त्याच दिवशी संपेल. आता दुसरी वाट. एक लाख तिसऱ्या कर्जात भरले, तर ते एकेचाळिसाव्या महिन्यातच संपते. त्यानंतर मोकळा झालेला ९,३०७ चा हप्ता खर्च न करता दर महिन्याला पहिल्या कर्जात जादा भरत राहायचे. साठाव्या महिन्याच्या शेवटी पहिल्या कर्जाची शिल्लक नेहमीपेक्षा सुमारे १,९२,००० रुपयांनी कमी झालेली दिसेल. दोन्ही वाटांत कुटुंबाने खिशातून काढलेले पैसे पै न पै सारखे आहेत. तरीही दुसऱ्या वाटेने ३९ हजार रुपये पुढे. ३९ हजार म्हणजे आपल्या अनेक घरांत एका मुलीच्या महाविद्यालयाचा खर्च.

तेव्हा जादा पैसा सर्वांत महाग दराच्या तुकड्यात भरावा. तो लहान आहे की मोठा, नवा की जुना, हे पाहू नये. मात्र एक अट आहे आणि ती कडक आहे. महाग कर्ज संपल्यावर सुटलेला हप्ता पुढच्या महाग कर्जाकडे वळला पाहिजे. तो नव्या मोबाइलच्या हप्त्याकडे वळला तर वरचा सगळा हिशेब कोसळतो, आणि मग मोठ्या कर्जात भरणाराच शहाणा ठरतो. माणूस स्वतःला ओळखत असेल तर त्याने तसाही निर्णय घ्यावा. भरण्यापूर्वी मुदतपूर्व परतफेडीचा आकारही पाहावा. बँकांच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तींना असा आकार लावण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली मनाई केली. पण स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जावर तो असू शकतो. एक लाखावर चार-पाच हजार गेले तरी वरच्या उदाहरणात महाग कर्जच आधी फेडणे फायद्याचे राहते. आणि पैसे भरताना अर्जात लिहून द्यावे की हप्ता कमी न करता मुदत कमी करावी. तोंडी सांगू नये.

या हिशेबाबाहेरचे एक कर्ज आपल्या समाजात असते. मामाने, भावाने किंवा एखाद्या स्नेह्याने दिलेले कर्ज-ए-हसना. त्याचा दर शून्य, म्हणून अंकगणित म्हणेल, ते सर्वांत शेवटी फेडा. मला हे पटत नाही. ज्या माणसाने व्याज न घेता दोन लाख दिले, त्याच्याही घरात लग्न आहे, आजारपण आहे. त्याला दिलेली तारीख पाळावी आणि उरलेल्या रकमेवर माझे वरचे गणित चालवावे.

"मग तिन्ही कर्जे एकत्र करून टाकू का?" हा प्रश्न अनेकदा येतो. बँकही सुचवते. १४ टक्क्यांचे चार लाख ९.५ टक्क्यांच्या टॉप-अपमध्ये घाला, २० वर्षे मुदत घ्या, हप्ता ९,३०७ वरून ३,७२९ वर येतो. घरात आनंदीआनंद. पण २० वर्षांत या चार लाखांवर व्याज जाते सुमारे ४ लाख ९५ हजार. महाग कर्जावर पाच वर्षांत जाणार होते १ लाख ५८ हजार. दर कमी झाला आणि व्याज तिप्पट झाले! दोष दराचा नव्हे, लांबलेल्या मुदतीचा. तेच चार लाख ९.५ टक्क्यांवर आणून हप्ता पूर्वीचाच, ९,३०७ रुपयांचा, भरत राहिलात तर ते ५३ महिन्यांत संपते आणि व्याज सुमारे ९१ हजारच जाते. तेव्हा एकत्र करणे वाईट नाही. एकत्र करून हप्ता सैल सोडणे महाग पडते. अर्थात ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेला रेशनला पैसे उरत नाहीत, त्या घराने हप्ता कमी करून घ्यावा. तेथे मी व्याजाचे व्याख्यान देणार नाही.

बदलत्या दराविषयी थोडे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानदंडाला, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० वर गेला. ज्याने ३० लाख ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले होते त्याचा हप्ता २३,२५९ होता. आणि ३० लाखांवर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज होते २३,७५०. हप्ता तोच ठेवला तर तो व्याजालासुद्धा पुरत नाही, उलट शिल्लक वाढू लागते. अनेक घरांत हप्ता बदलला नाही म्हणून सर्व ठीक आहे असे वाटत राहिले, आणि मुदत मात्र निवृत्तीच्या वयापलीकडे गेली. १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने सूचना काढली की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हा पर्याय ग्राहकाला द्यावा, आणि वाढलेली मुदत इतकी नसावी की हप्ता व्याजालाही अपुरा पडेल. पुढे २०२५ मध्ये दर उतरू लागले आणि जूनपर्यंत रेपो ५.५० वर आला. तुकड्यांच्या कर्जात हे ध्यानात घ्यावे की दर चढतो-उतरतो तो बदलत्या दराच्या तुकड्याचा. स्थिर दराचे वैयक्तिक कर्ज जागचे हलत नाही. म्हणून महाग कोण, स्वस्त कोण, ही क्रमवारी वर्षातून एकदा नव्याने लावावी. जुनी कर्जे आणि गृहवित्त कंपन्यांची कर्जे रेपोबरोबर आपोआप उतरतीलच असे नाही. तेथे लेखी अर्ज करावा लागतो.

ज्यांची इमारत अजून उभी राहत आहे, त्यांनी आणखी एक पाहावे. बँक कर्ज बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे सोडते. ३० लाखांपैकी १० लाख सोडले असतील तर ८.५ टक्क्यांनी महिना ७,०८३ रुपये व्याज लागते, आणि पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत आपण फक्त तेवढेच भरतो. "आम्ही दोन वर्षे हप्ता भरतो आहोत," असे पालक सांगतात, तेव्हा मला वाईट वाटते. दोन वर्षांत एक लाख सत्तर हजार गेले आणि मुद्दल एका रुपयाने उतरलेले नाही. बिल्डर रखडला तर हे असेच चालते.

रेल्वे, टपाल अशा केंद्र सरकारच्या खात्यांतील पालकांचा प्रकार निराळा. त्यांच्या घरबांधणी अग्रिमाच्या २०१७ च्या नियमांत आधी १८० हप्त्यांत मुद्दल आणि नंतर ६० हप्त्यांत व्याज वसूल होते, आणि व्याज सरळ असते. पंधरा वर्षे पगारपत्रकात व्याज दिसत नाही, म्हणून ते नाही असे समजू नये. ते बाजूला जमत असते. व्याजावर व्याज मात्र नसल्याने, इतर कर्जांच्या शेजारी ठेवले तर जादा पैसा येथे भरण्याची घाई करू नये.

शेवटी गहाणाविषयी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये गहाणाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत मालकीहक्काचे मूळ दस्तऐवज सावकाराकडे ठेवून होणारे गहाण हा एक आहे, आणि मुंबईत बँका बहुधा हाच प्रकार वापरतात. वैयक्तिक कर्ज साधारणपणे घरावर नसते. टॉप-अप मात्र त्याच घरावर असते, मग पैसे फर्निचरला गेले असोत की बहिणीच्या लग्नाला. म्हणून मोठे गृहकर्ज फिटले तरी टॉप-अपचे पन्नास हजार शिल्लक असतील तर कागद परत मिळत नाहीत. व्याजाच्या दृष्टीने तुकडे वेगळे, पण गहाणाच्या दृष्टीने घर एकच. भावाभावांत वाटणी करायची असेल, घर विकायचे असेल किंवा वडील वारले असतील, तेव्हा ही गोष्ट एकाएकी पुढे येते, आणि घरातील बायकांना टॉप-अप होते हेच ठाऊक नसते. प्रत्येक कर्जाचा खाते क्रमांक, दर, शिल्लक आणि संपण्याचा महिना एका वहीत लिहून ती वही पत्नीला आणि मोठ्या मुलाला-मुलीला दाखवून ठेवा. आठवीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की ही वही तुम्ही लिहा. वडिलांना वेळ नसतो आणि तुमचे अंकगणित ताजे असते.

सर्व तुकडे फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करणे आणि नोंदवहीतील बोजा काढून टाकणे हे रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकांना बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद घेताना यादीशी ताडून घ्यावेत, कर्ज फिटल्याचा दाखला प्रत्येक खात्याचा वेगळा मागावा, आणि सोसायटीच्या दप्तरी बँकेचा बोजा लिहिलेला असेल तर तोही खोडून घ्यावा. ज्या पालकांनी आपले कागद सोबत आणले आहेत, त्यांनी कार्यक्रमानंतर ग्रंथालयाच्या खोलीत यावे. मी आणि आमचे गणिताचे सहकारी तेथे बसणार आहोत.